घरची चवळी, मोजून नऊशे चार

...आणि वर मलाच विचारतात, "मीठ किती घातलंस?" आता काय सांगायचं? घातलं, लागेल तेवढं. तर म्हणे, "लागेल तेवढं म्हणजे किती? ग्रॅममध्ये सांग." ग्रॅममध्ये! तेहतीस वर्षं झाली लग्नाला, तेहतीस वर्षं मी चिमटीनं मीठ घालते, तेहतीस वर्षं हा माणूस ते मुकाट्यानं खातो, आणि आता हातात वही, कानावर पेन्सिल, माझ्या शेगडीला चिकटून उभा. का? तर म्हणे भाजी चवळीची आहे. चवळी हो. साधी चवळी. दुकानात पोत्यानं असते, पोत्याचं तोंड उघडं असतं, दुपारी त्यावर मांजर झोपतं... ती चवळी.

तुम्ही म्हणाल, बाई, सुरुवातीपासून सांगा. सांगते ना. पण नीट बसून घ्या, कारण मी एकदा सुरू झाले की थांबत नाही. हे मी नाही म्हणत, आमच्या धाकट्या जाऊबाई म्हणतात, आणि त्या स्वतः थांबल्या तर मला बोलायला मिळेल ना.

तर आमचे हे वजनमाप खात्यात होते. निरीक्षक. म्हणजे दुकानादुकानांत जायचं, तराजू तपासायचे, वजनं खरी की खोटी ते बघायचं, शिक्का मारायचा नाहीतर खटला भरायचा. एकतीस वर्षं हेच केलं. हे रस्त्याच्या टोकाला दिसले की दुकानदार आधी काटा पुसायचे आणि मग कपाळ. आणि ही विद्या काही ऑफिसात ठेवून यायचे नाहीत हो, घरी घेऊन यायचे. साखरेच्या पुड्यावर एक किलो लिहिलंय, मग आहे का एक किलो? घाला काट्यावर. मुलगी झाली तेव्हा नर्सबाईंनी कौतुकानं वजन सांगितलं, तर यांचा पहिला प्रश्न काय असावा? "काटा शेवटचा कधी तपासला होता?" बायको तिथे अर्धमेली पडलीय आणि हे पाळण्याखाली वाकून शिक्का शोधतायत... जाऊ दे, तो विषय काढला की माझं डोकं फिरतं.

मग निवृत्त झाले. आणि इथे मात्र मी हसत नाही, खरं सांगते. पहिला आठवडा सकाळी तयार होऊन बसायचे, बूटबीट घालून. मग बूट सुटले. मग दाढी सुटली. मग बोलणं सुटलं. आमच्या खिडकीशी एक खुर्ची आहे, तिथून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, दुसरं काही दिसत नाही. त्या टाकीकडे बघत बसायचे. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही, म्हटलं निदान भांडतील तरी. जेवले, हात धुतले, खुर्चीत जाऊन बसले. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि घाबरले. भांडणारा नवरा परवडतो हो, गप्प बसलेला नाही परवडत. तीन महिने! मुलगी फोनवर म्हणायची, "आई, बाबांना काहीतरी करायला दे." काय देऊ? मी पडदे शिवते, उशांचे अभ्रे शिवते, म्हटलं बटणं लावा. एक बटण लावायला दुपार घातली आणि ते शर्टाला नाही, स्वतःच्या बाहीला शिवून ठेवलं.

आणि मग एक दिवस मी खिडकीशी बसून चवळी निवडत होते. दुकानातली, मांजरवाली. एक दाणा उडाला तो पडला कुंडीत. त्या कुंडीत आधी एक फुलझाड होतं, ते माझ्याच हातानं स्वर्गाला गेलं होतं, नुसती माती उरली होती. मी काही तो दाणा उचलला नाही. एका दाण्यासाठी कोण उठतं? पाच-सहा दिवसांनी खुर्चीतून आवाज आला, "अगं, इथे काहीतरी वर आलंय." माझ्या हातातली कात्री खाली पडली. चवळी उगवली म्हणून नव्हे हो, हे बोलले म्हणून. आणि लगेच पुढचं वाक्य, "तुझी टेप दे बघू." दोन सेंटिमीटर भरलं. वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी सव्वातीन. तिसऱ्या दिवशी दाढी केली.

आता मला सांगा, कोणती बायको अशा वेळी म्हणेल की पुरे झालं? मी तर हरखूनच गेले. उरलेली चवळी पुढे ठेवली, म्हटलं घ्या, पेरा, सगळं घर पेरा. बाईचं तोंड असं असतं बघा. सांभाळून बोलावं तर नाही.

अकरा कुंड्या झाल्या. गच्चीवर. वेलांना आधार हवा म्हणून माझे पडद्यांचे दांडे गेले, गिऱ्हाइकांचे दांडे हो, मोजून पाच. मग दोऱ्या हव्यात, तर कपडे वाळत घालायच्या दोऱ्याच उतरवल्या. मी म्हटलं, अहो, कपडे कुठे वाळत घालू? म्हणाले, "दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे." ओले कपडे घेऊन मी घरभर फिरतेय, दारावर चादर, पंख्याला मोजे, आणि वर गच्चीवर वेलांची शुश्रूषा चाललीय. मुंग्या आल्या. मुंग्यांमागून मावा आला, काळा, बारीक, शेंड्याला चिकटलेला. तर हे तिथे स्टुलावर बसून रंगाच्या ब्रशनं एकेक पान साबणाच्या पाण्यानं पुसतायत. तेहतीस वर्षांत या माणसानं माझ्या घरातलं एक ताट पुसलेलं मी पाहिलं नाही. आणि फुलं! सकाळी उमलायची नि दुपारच्या आत मिटायची, म्हणून सकाळी माझा नाश्ता गच्चीवर. मला गुडघेदुखी, दोन जिने चढायचे, कशासाठी, तर फूल बघायला. चवळी हो. साधी चवळी.

माझ्या लग्नात लोक मला चवळीची शेंग म्हणायचे, बरं का. तेव्हा या माणसानं वळून पाहिलं नाही. आता खऱ्या शेंगेकडे तासतासभर बघतात.

शेंगा धरल्या. आणि त्याही काय एकदम वाळतात म्हणता? आज दोन, परवा तीन, मग चार दिवस एकही नाही. वाळली की शेंग कानाशी नेऊन हलवायची, आतून खुळखुळ आली तरच तोडायची. जिन्यात शेजारीण भेटली, म्हणाली, "यांच्या कानाला काही झालंय का हो? गच्चीवर सारखं कानाशी काहीतरी धरून उभे असतात." मी म्हटलं, हो, डॉक्टर बघतायत. काय सांगणार दुसरं?

चार महिने. अकरा कुंड्या. पाच दांडे. आणि पीक किती? अंदाज करा. नाही, राहू दे, तुमचा अंदाज चुकणार, कारण तुम्ही माणसासारखा विचार करता. एकशे त्र्याऐंशी ग्रॅम. माझ्या आमसुलाच्या... नाही नाही, लोणच्याच्या छोट्या बरणीत मावलं. दाणे नऊशे चार. हो, मोजले. दोनदा. दुसऱ्यांदा माझ्याकडून मोजून घेतले आणि माझे नऊशे तीन भरले तर "कुठे गेला तो?" म्हणून मला पदर झटकायला लावला. सापडला. माझ्या पायाखाली. मग बरणीचं झाकण लावलं, झाकणावरून कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर सही, तारीख. ऑफिसात जप्त केलेल्या मालाला करायचे तसं. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच बरणीला सील, आणि मला सक्त ताकीद, सील तुटता कामा नये.

इथवर मी सगळं सोसलं. पण एका सकाळी चहा पिताना म्हणतात, "येत्या रविवारी दुपारी साहेबांना जेवायला बोलावलंय." मी म्हटलं, बरं, बोलवा. "सपत्नीक." बरं. "शिवाय धाकटा भाऊ आणि त्याची बायको. मुलगीही येतेय. म्हणजे आपण धरून सात." बरं, सात. काय करायचं? तर छाती पुढे काढून म्हणाले, "घरची चवळी."

मी बरणीकडे पाहिलं. बरणीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अहो, सात माणसांना एवढी? तर हा गृहस्थ वही उघडतो आणि मला भागाकार करून दाखवतो. "नऊशे चार भागिले सात. प्रत्येकी एकशे एकोणतीस. एक उरतो, तो साहेबांना."

हसता काय? मला तेव्हा हसू आलं नाही. साहेब म्हणजे यांचे जुने वरिष्ठ, तेही आता निवृत्त, पण त्यांचं नाव काढलं की हे अजून सरळ बसतात. एकतीस वर्षांत त्या माणसानं यांना एकदाही शाब्बास म्हटलेलं नाही. फायलीवर फक्त लिहायचे, "पाहिले." तेवढंच. आणि हे घरी येऊन आनंदानं सांगायचे, आज साहेबांनी पाहिले. आता त्या साहेबांच्या ताटात मी पाण्यात पोहणारे एकशे तीस दाणे वाढायचे? धाकटे भाऊजी भिंग मागणार. जाऊबाई चार घरी सांगणार. आणि हे परत जाऊन बसणार खुर्चीत, त्या टाकीसमोर. बाकी कशाची मला पर्वा नव्हती. पण ती टाकी पुन्हा नको, हे मी मनाशी पक्कं केलं.

म्हणून शनिवारी मी गेले दुकानात. चोरून. वजनमाप निरीक्षकाची बायको, तिनं उभ्या जन्मात भेसळ कधी पाहिली नाही, ती भेसळीला निघाली. दुकानदार मला बघून नेहमीप्रमाणे गडबडला. "या ताई, या. साहेब कसे आहेत? काटा बघून घ्या हं, शून्यावर आहे." अरे बाबा, ते निवृत्त झाले, आता तुझा काटा कुठेही असू दे. मी म्हटलं, चवळी द्या, अर्धा किलो. पाव किलोत भागलं असतं, पण म्हटलं एकदा पाप करायचंच तर त्यात चिकटपणा कशाला? तर तो म्हणतो, "चवळी? अहो ताई, पण कालच तर..." मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, काल काय झालं ते मला नको, तुम्ही आज द्या, आणि याबद्दल कोणाकडे अवाक्षर काढायचं नाही, यांच्याकडे तर मुळीच नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग ओठ आवळले, खाली बघितलं आणि पोत्याच्या तळात हात घालून चवळी काढली. मला वाटलं, भ्याला बिचारा.

पुडी घरी आणली ती नव्या अभ्र्यात गुंडाळून, पडद्यांच्या गठ्ठ्याखाली.

रविवारी पहाटे... पहाटे कसली, सहाला, हे आंघोळीआधी बरणी घेऊन आले. पट्टी कापली. माझ्यासमोर भांड्यात चवळी ओतली. पण तुम्हाला सांगते, मला वाटलं होतं आता भाषण होईल, बियाणं, माती, मशागत... काही नाही. तोंड दुसरीकडे करून ओतली आणि म्हणाले, "घे. भिजव." आणि गेले आंघोळीला. मला भरून आलं. म्हटलं, जीव लावला होता माणसानं, डोळ्यांनी बघवत नसेल. आणि अशा हळव्या क्षणी मी काय केलं? न्हाणीघराचं दार लागल्याबरोबर गठ्ठ्याखालून पुडी काढली आणि अख्खी ओतली. भांडं काठोकाठ.

दोन तासांनी आले तर चवळी फुगून भांड्याबाहेर. बघितलं. बघतच राहिले. "एवढी?" मी म्हटलं, घरची आहे, फुगते. एवढं धडधडीत खोटं मी यांच्यासमोर कधी बोलले नव्हते हो. वाटलं आता काटा काढतील. पण हे म्हणाले, "हं." वही उघडली, लिहिलं, "फुगवटा: चौपट." बस्स. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मी सारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

मग चढवली पातेल्यात. कुकर नाही, "कुकरात आत काय चाललंय ते कळत नाही." म्हणून उघड्या पातेल्यात, झाकण अर्धवट, आणि शेजारी हे, मीठ ग्रॅममध्ये विचारत. पंचवीस मिनिटं झाली, मी डावानं दाणा काढून दाबला, लोणी. वा. दुसरा दाबला... खडा. तिसरा, लोणी. चौथा, खडा, पाचवाही खडा, इतका की बोटातून निसटून टाइलवर टणकन आपटला. "काय पडलं?" काही नाही म्हटलं, लसणीची पाकळी. लसणीची पाकळी कधी टण वाजते का? पण हे वहीत डोकं घालून उभे.

माझ्या लक्षात आलं काय झालंय. नवी चवळी लवकर शिजते, जुनी शिजता शिजत नाही, हे कोणाही बाईला कळतं. म्हणजे घरची, चार महिन्यांची, ताजी, ती चालली होती विरघळून, आणि त्या मेल्यानं पोत्याच्या तळातली दिलेली मुर्दाड चवळी बसली होती तशीच, डोळे वटारून. म्हणजे थांबावं तर दात पडणार, आणि शिजवावी तर ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ती घरची चवळी पिठलं होऊन... पिठलं म्हणजे अगदी लगदा होऊन जाणार. काय करू? यांना म्हटलं, जा, पाणी भरून ठेवा बाटल्यांत. वळले तसा चिमूटभर सोडा टाकला. पुन्हा म्हटलं, जा, खुर्च्या पुसा. गरम पाणी ओतलं. पुन्हा म्हटलं, जा, दार वाजलं. दार वाजलं नव्हतं, पण हे गेले आणि दारात खरंच साहेब उभे.

बाराचा वायदा, साडेबारा झाले, एक झाला. भाऊजी बाहेरून ओरडतायत, "वहिनी, चवळी शिजतेय की अजून पिकतेय?" जाऊबाई आत येऊन झाकण उचलू बघतायत, "ताई, मी ढवळू का?" मी म्हटलं, तू बस बाई, तू पाहुणी. उभ्या आयुष्यात मी तिला पाहुणी म्हटलं नव्हतं, ती घाबरून बसलीच. साहेबांच्या पत्नी सारख्या म्हणतायत, "काही घाई नाही हं," आणि त्यांच्या पोटातून आवाज येतोय तो मला ओट्यापर्यंत ऐकू येतोय. मुलगी कानात म्हणाली, "आई, तुला घाम का फुटलाय?" सव्वाला मी कांदा-टोमॅटो परतून वरून ओतला, विरघळलेली सगळी डावानं घोटून रश्श्यात मिसळली, हात जोडले आणि वाढलं.

म्हणजे बघा हं, आता ताटात जे दाणे दिसत होते, अख्खे, गुबगुबीत, काळ्या डोळ्यांचे, ते सगळे दुकानातले. घरची चवळी रश्श्यात कुठे गेली ते तिचं तिलाच माहीत.

आणि लोक काय म्हणाले? भाऊजींनी पहिला घास घेतला, "दादा, मानलं तुला. हा दाणा बघ, हा असा दाणा बाजारात मिळत नाही." जाऊबाई, जिला माझ्या हातचं पाणीसुद्धा खारट लागतं, ती म्हणते, "घरचं ते घरचंच. विकतच्याला हा वासच नाही." मी भात वाढत होते, तो तिच्याच ताटात दोनदा वाढला. साहेब जेवत होते. सावकाश. ते बोलेपर्यंत सगळे थांबलो. त्यांनी एक दाणा ताटाच्या कडेला घेतला, बोटानं दाबला, उचलला, खाल्ला, आणि म्हणाले, "दाण्याला... वजन आहे."

एकतीस वर्षांनी हो! एकतीस वर्षांनी त्या तोंडातून शाब्बास निघाली, ती पोत्याच्या तळातल्या चवळीला. मी यांच्याकडे बघितलं, वाटलं होतं फुलले असतील. तर खाली मान. ताटात बघतायत. भाताभोवती रस्सा फिरवतायत. "हो," म्हणाले, "बरी आलीय." आणि गप्प. भाऊजींनी विचारलं खत कोणतं घातलं, तर "हेच, आपलं." मुलीनं वही मागितली, तर "नंतर." ते तोंड मी ओळखत होते. तीन महिने बघितलं होतं ते तोंड.

म्हटलं, कळलं यांना. एकतीस वर्षं खोट पकडणारा माणूस, जिभेवर ठेवल्याबरोबर कळलं असणार की हे दाणे आपले नव्हेत. आणि चारचौघांत बायकोचं नाव जायला नको म्हणून गप्प बसलाय. त्यातून जाताना साहेब काय म्हणाले? "दहा दाणे द्या मला, बियाण्याला. मीही एक कुंडी लावून बघतो." हे उठून आत गेले, कागदाची पुडी बांधून आणली, साहेबांच्या हातात दिली.

चार वाजता सगळे गेले. मुलगीही गेली. आणि हे जाऊन बसले खुर्चीत. टाकीसमोर.

मी भांडी तशीच टाकली. जाऊन समोर उभी राहिले, टाकी आणि त्यांच्या मध्ये, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मी मिसळली. विकतची. अर्धा किलो. सात माणसांना पुरणार नाही म्हणून मिसळली, तुमची शोभा होऊ नये म्हणून, आणि तुमची सगळी विरघळली आणि लोकांनी खाल्ली ती दुकानातली, आणि मला हवं ते बोला, खटला भरा माझ्यावर, पण असे बसू नका. तुम्ही असे बसलात की मला भीती वाटते. आणि मी रडले. चवळीपायी रडले हो, या वयात.

हे मग उठले. कपाटाशी गेले, खालच्या खणातून लोकरी मोजा काढला, तोंड बांधलेला, आणि माझ्या हातात दिला. खुळखुळला.

मी म्हटलं, हे काय?

"एकशे त्र्याऐंशी ग्रॅम," म्हणाले. "नऊशे चार."

...

अहो, धीरच झाला नाही त्यांना! चार महिने पानं पुसली, फुलं बघितली, आणि आता उकळत्या पाण्यात टाकायची? शुक्रवारी गेले दुकानात, नवी चवळी घेतली, बरोबर एकशे त्र्याऐंशी ग्रॅम तोलून घेतली, बरणीत घातली आणि पुन्हा सील. नवी पट्टी, नवी सही. आणि दुसऱ्या दिवशी मी जाते त्याच दुकानात! तो मेला म्हणूनच हसू दाबत होता. यांना भीतीनं वरचा ताजा माल दिला आणि मला पोत्याच्या तळातला. म्हणजे जी विरघळली तीही दुकानातली आणि जी टणटण वाजली तीही दुकानातली, आणि मी मधल्या मध्ये सोडा टाकत घामाघूम.

मी म्हटलं, मग वहीत कसला फुगवटा लिहीत होतात? म्हणाले, "लिहिलं नसतं तर तुला संशय आला असता." आणि जेवताना तोंड का पाडलं होतंत, मेले ना मी भीतीनं? तर हा माणूस, ज्यानं बायकोला फसवलं, भावाला फसवलं, साहेबांना फसवलं, तो काय म्हणतो? "वजन बरोबर होतं गं. पण विकतचा दाणा जाड, आठशे सत्तरच भरले. चौतीस दाणे कमी वाढले मी लोकांना. ते मनाला लागलं."

आणि साहेबांना बियाण्याला काय दिलंत? म्हणाले, "दुकानातले. माझे कोण देतं? पण दहा मागितले, बारा दिले."

काय करणार तुम्ही अशा माणसाचं? मी हसायला लागले, मला हसताना बघून हेही हसले, मोठ्यानं, शेजारीण दारात येऊन विचारायला लागली की कानाचं औषध लागू पडलं का. बरं वाटलं हो मला, खोटं कशाला बोलू. हा हसणारा माणूस मी सात-आठ महिने बघितला नव्हता.

पण चवळीचं काय? मी विचारलं, आता ही मोज्यातली आपण कधी खायची? माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी मुलीलाच शिजवायला निघालेय. म्हणाले, "खायची? ही सगळी बियाण्याला. यंदा चाळीस कुंड्या." म्हटलं, आणि त्या चाळीस कुंड्यांची येईल ती? "ती पुढच्या बियाण्याला." आणि तेवढ्यात दार वाजलं तर परत आलेले भाऊजी, छत्री विसरले होते, तर म्हणतात, "वहिनी, ती घरची चवळी इतकी झकास होती, पुढच्या महिन्यात माझ्या ऑफिसातल्या सहाजणांना घेऊन येतो." आणि हे खुर्चीतून काय म्हणाले असतील? "जरूर ये."

मी आत गेले, किराण्याच्या यादीत चवळी लिहिली, दोन किलो. घरची पिकायला लागली म्हटल्यावर विकतची लागणारच.